गिन्नीची घासलेली कड

सोन्याला काही होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी बसायला सांगतो, मग पाणी देतो आणि मगच त्याचं नाणं हातात घेतो. पुढं त्याला पाणी लागणारच असतं.

सोलापूरच्या सराफ बाजारात एका पेढीवर मी जुनी सोन्याची नाणी तपासायचं काम केलं. सोनं किती कसाचं आहे ते बघणारा माणूस वेगळा. माझं काम नाण्याच्या तोंडाकडं बघायचं. डाग कसला, ओरखडा कधीचा, कुणी घासलंय का, कशात ठेवलं होतं, एवढं सांगायचं. जुनी नाणी जमवणाऱ्या हौशी लोकांना नाणं टांकसाळीतून बाहेर पडलं तसं हवं असतं. माझ्या तोंडून 'घासलेलं' हा शब्द गेला की नाण्याचा भाव उतरून नुसत्या वजनावर येतो आणि वजनावर आलेलं नाणं बहुतेक वेळा मुशीत जातं. त्याच्या बांगड्या होतात. म्हणून हा शब्द मी फार जपून वापरायचो. तरी वापरावा लागायचाच.

मूळचा मी गिरणीच्या रंगखात्यातला. आम्ही घरात तेलुगू बोलणारे, वडील मागावर आणि मी रंगाच्या हौदावर. गिरणी बंद पडली तेव्हा शेठनी मला पेढीवर बोलावलं, कारण त्यांच्या घरच्या एका शालूवरचा डाग बघून मी मागं कधीतरी सांगितलं होतं की हा पानाचा नव्हे, पेटीच्या बिजागरीचा गंज आहे. ज्याला कापडावरचा डाग कळतो त्याला सोन्यावरचा कळेल, असं त्यांचं गणित. ते निम्मं बरोबर निघालं. उरलेलं निम्मं शिकता शिकता माझे केस पांढरे झाले. बाजारात मला अजून रंगमास्तरच म्हणतात.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. नाणं तोंडावर बोट ठेवून कधी धरू नये, कडेला धरावं. खाली मऊ कापड असावं, कारण हात कुणाचाही सुटतो. उजेड डोक्यावरून नको, बाजूनं तिरका हवा, म्हणजे बारीक ओरखडासुद्धा उठून दिसतो. मग भिंग लावायचं. लालसर ठिपका दिसला तर तो बहुधा सोन्यात मिसळलेल्या तांब्याचा. एखाद्या जागी तांबं जरा जास्त राहिलेलं असतं, ते हवा लागून काळवंडतं. अंगावरच्या तिळासारखा असतो तो, त्याच्या वाटेला जायचं नाही. काळी रेघ असली तर रबरबँड. पिवळट थर असला तर पूजेतली हळद. आणि हिरवट, चिकट, बोटाला ओढून धरणारं काही असलं तर ते मऊ प्लास्टिकचं पाकीट. हे पाकीट वर्षा-दोन वर्षांत चिकट पाणी सोडतं आणि ते नाण्यातल्या तांब्याला धरतं. यातलं बरंचसं काढता येतं. घासून गेलेलं मात्र परत येत नाही.

आणि आपल्या लोकांना घासायची भारी हौस. जेऊरचे एक बागायतदार घरातली इंग्रज राजाच्या छापाची नाणी, गिन्न्या, दर लक्ष्मीपूजनाला दह्यात बुडवून, चिंच लावून, वर रांगोळीनं घासायचे. आज्यापासूनचा नेम. त्यांनी ती माझ्यापुढं मांडली तेव्हा दुकानात उजेड पडला. भिंगातून बघितलं तर राजाचे केस गेलेले, भुवया गेलेल्या, नाक तेवढं शाबूत. मी म्हटलं, पाटील, तुमच्या राजाला टक्कल पडलंय. ते आधी हसले आणि मग माझ्यावरच उखडले. देवापुढं मळकं ठेवायचं का, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. देवाला लखलखीत लागतं आणि संग्राहकाला आहे तसं लागतं. एका बाईंनी तर पेढीवर यायचं म्हणून आदल्या दिवशी मोहरा रिठ्यात उकळून ब्रशनं घासल्या होत्या. परक्याच्या दारात पारोशी वस्तू कशी न्यायची, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पाणी दिलं.

या रोजच्या कटकटीला कंटाळून शेठनी एक पाटी रंगवून घेतली. मजकूर मी सांगितला होता. नाणं घासू नका, रबरबँड लावू नका, वगैरे. प्लास्टिकबद्दल मी 'नाण्याला अपाय होतो' असं सुचवलं होतं. शेठ म्हणाले, मास्तर, अपाय-बिपाय कुणाच्या डोक्यात शिरतोय. त्यांनी पेंटरला सांगून लाल अक्षरात करून घेतलं, 'प्लास्टिकचं पाकीट म्हणजे नाण्याला विष'. पाटी माझ्या पाठीमागच्या भिंतीवर लागली. मला दिसायची नाही, समोर बसणाऱ्या प्रत्येकाला दिसायची.

तानूबाई आणि दत्तू आले ते भर उन्हाळ्यात. वळसंगकडचे, मेंढरं राखणारं घर. थोरला एक भाऊ मेंढरांमागं असायचा, दत्तू एमआयडीसीत कामाला लागला होता. त्याला कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं की मुंबईत पाडलेल्या गिन्नीला मागणी असते, म्हणून घरातली गिन्नी दाखवायला आणली होती. आई मागं लागून आली, याचं त्यालाच नवल वाटत होतं. गड्ड्याच्या जत्रेशिवाय ती कधी सोलापुरात पाऊल टाकत नव्हती. तानूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. माझ्या टेबलाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून खालीच बसल्या.

दत्तूनं खिशातून पारदर्शक पाकीट काढलं आणि मोठ्या मानानं माझ्या कापडावर ठेवलं. आत गिन्नी. मी ती बाहेर काढताना पाकिटानं तिला सोडलंच नाही, चिकटून आली. राजाच्या गालावर आणि गळ्यावर हिरवट साय धरलेली. मागच्या बाजूच्या घोडेस्वाराच्या चित्रात, घोड्याच्या टापांखाली, सालाच्या वर, मुंबईच्या टांकसाळीचं बारीक अक्षर होतं. म्हणजे नाणं खरंच मुंबईचं. फार दुर्मीळ नव्हे, पण लोक आवर्जून विचारतात असं. दोन-तीन ठिकाणी तांब्याचे लाल ठिपके होते. पाकिटात कधीपासून आहे, विचारलं.

दत्तू म्हणाला, दोन-अडीच वर्षं झाली. आधी आई चिंधीत बांधून देवाजवळ भंडाऱ्यात, म्हणजे हळदीत, ठेवायची. सोन्याची वस्तू, जरा नीट ठेवावी म्हणून त्यानं स्वतः हे पाकीट आणलं होतं. मी हं म्हटलं. एरवी मी तिथंच तोंडसुख घेतलं असतं, पण तेवढ्यात माझी नजर कडेवर गेली.

गिन्नीच्या कडेला सगळीकडून बारीक उभे दाते असतात. या गिन्नीला राजाच्या कपाळासमोर, नखाएवढ्या जागेत, दाते नव्हते. जागा अगदी सपाट आणि गुळगुळीत होती. पूर्वीच्या काळी लोक कानशीनं कड घासून सोन्याचा कीस काढून घ्यायचे, हे मला माहीत होतं. मी सवयीनं म्हणालो, कड घासलेली आहे, कुणीतरी चोरून सोनं काढलंय. तेव्हा तानूबाई पहिल्यांदा बोलल्या. त्यांना हसू आलं होतं.

"चोरलं न्हाय, मास्तर. खाल्लंय. आमच्या घरच्या समद्या पोरांनी."

मग त्यांनी सांगितलं. सासऱ्याच्या बापानं घोंगड्या विकून ही गिन्नी केली होती. तेव्हापासून घरात मूल जन्मलं की पहिल्या दिवशी सहाणेवर मधाचा थेंब टाकायचा, त्यात ही गिन्नी जराशी उगाळायची आणि ते बोट बाळाच्या जिभेवर टेकवायचं. उगाळायचं ते घरातल्या थोरल्या बाईनं. आणि उगाळायचं ते एकाच जागी, राजाच्या कपाळासमोरच, म्हणजे बाकीचं नाणं खराब होत नाही. तानूबाईंचा नवरा, दीर, नणंदा, त्यांची स्वतःची मुलं, पुतणे, सगळ्यांचं पहिलं चाटण त्या नखाएवढ्या जागेतून निघालं होतं. हल्लीचे डॉक्टर म्हणतात नवजात बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, आणि बरोबरच म्हणतात. पण मी त्या सपाट जागेकडं बघत राहिलो. इतकी वर्षं मी घासलेल्या कडा बघत आलो होतो आणि प्रत्येक वेळी मनात कानस आणि चोर आणले होते. सहाण कधी मनात आली नव्हती.

दत्तूला हे ऐकून ऐकून पाठ होतं. तो वेळ घालवायला माझ्या मागची पाटी वाचत होता. आईला वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचत होता, गंमत म्हणून. घासू नका झालं, रबरबँड झालं. मग हसत म्हणाला, "आई, ऐक की. आपलं पाकीट म्हंजी इष हाय म्हनं गिन्नीला."

तानूबाईंचं हसू गेलं. त्यांनी आधी पाकिटाकडं बघितलं, मग गिन्नीवरच्या हिरव्याकडं आणि मग दत्तूकडं. मला काहीच उमगलं नाही. मला वाटलं नाणं बिघडल्याचं वाईट वाटलं असेल. त्या दत्तूला म्हणाल्या, गाडी उन्हात आहे, सावलीला लाव जा. तो म्हणाला असू दे. त्या म्हणाल्या, जा म्हणते ना. तो गेला.

तो उंबऱ्याबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्ये हिरवं तोंडात गेलं तर काय हुतंय?"

कुणाच्या तोंडात, असं मी विचारणार होतो. विचारावं लागलं नाही. त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. दत्तूला मागच्या वर्षी मुलगा झाला होता. पहिलाच. त्यांनी रिवाजाप्रमाणं पाकिटातून गिन्नी काढली, पदरानं पुसली, उगाळली, चाटवली. मूल पाचवी पुजायच्या आतच गेलं. दवाखान्यात सांगितलं की त्याच्या काळजाला भोक होतं, जन्माचंच. दत्तूनं मानलं, सुनेनं, सुनीतानं, मानलं. तानूबाईंनी मानलं नाही. गिन्नीवरचे लाल ठिपके त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. आपल्या हातानं काहीतरी खराब पोटात गेलं, ही गोष्ट त्या वर्षभर कुणाला न सांगता जवळ ठेवून होत्या. त्याचा निकाल लावायलाच त्या आज सोलापूरला आल्या होत्या. आणि आता सुनीताला पुन्हा दिवस गेले होते.

मी आधी लाल ठिपक्यांचं सांगितलं. ते सोन्याच्या अंगातलं तांबं आहे, त्यानं काही होत नाही. ते मला पक्कं ठाऊक होतं. हिरव्याबद्दल मला काय ठाऊक होतं? नाण्याला ते वाईट, एवढंच. बाळाच्या जिभेचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि त्याचं उत्तर मी कुठं शिकलोही नव्हतो. पण ती बाई भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, मावशी, डॉक्टर सांगतात तेच खरं. काळजाचं दुखणं पोटातूनच घेऊन आला होता तो. या हिरव्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. इतक्या ठामपणे मी जन्मात कुठल्या नाण्याबद्दल बोललो नव्हतो.

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही. मी चांगला माणूस आहे, हे कळलं म्हणून. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि दाराकडं बघत घाईघाईनं म्हणाल्या, "पाकीट त्यानं आनलंय. त्याला ह्येचं कायबी सांगू नगा. ह्ये हिरवं भंडाऱ्याचं हाय म्हना. माज्या चिंधीचं हाय म्हना."

म्हणजे बघा. आतापर्यंत दोष आपला असेल म्हणून झुरणारी बाई, दोष मुलाच्या पाकिटाकडं जातोय असं दिसताच तो पुन्हा स्वतःकडं ओढून घ्यायला लागली. दत्तू घाम पुसत आत आला. मी घसा साफ केला आणि सांगितलं की हे हिरवं भंडाऱ्यानं आणि चिंधीनं झालंय. माझ्या पाठीमागं शेठची पाटी. दत्तूनं एकदा पाटीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाला, "व्हय, असंल." डागाचं खोटं निदान मी उभ्या आयुष्यात तेवढं एकच केलं आणि त्याची मला लाज नाही वाटत. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे, ते पुढं येईल.

गिन्नी मी तिथंच साफ करून दिली. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्यायचं, नाणं त्यात नुसतं सोडायचं, घासायचं नाही. चिकट थर आपोआप सुटतो. हिरवं गेलं, लाल ठिपके राहिले, कड होती तशी राहिली. दत्तूला सांगितलं, संग्राहकाच्या दृष्टीनं कड गेलेली आहे, भाव वजनाचाच. तो म्हणाला विकायची कुणाला आहे. सुती कापडात गुंडाळून दिली. तानूबाईंनी ती कनवटीला लावली.

आठवडाभरात दत्तू एकटाच आला. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या कपड्यांत. बसला नाही.

"मास्तर, पाटी म्या वाचली हुती की. भंडाऱ्यानं हिरवं हुतंय व्हय कदी?"

तो म्हणाला, त्या दिवशी वाचताना त्याला काही वाटलं नव्हतं. गाडी सावलीत लावता लावता डोक्यात चक्र फिरलं आणि तो तिथंच गाडी धरून उभा राहिला. मग त्यानं तोच प्रश्न विचारला, जवळपास त्याच शब्दांत. मी तेच उत्तर दिलं, तितक्याच ठामपणे. त्यानंही आईसारखीच मान हलवली. आणि जाताना म्हणाला, "आईला ह्यातलं काय ठावं न्हाय. तिला कळू देऊ नगा. माज्या हातनं झालं असं तिच्या मनात आलं तर ती मरंल."

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. अरे बाबा, तिला सगळं ठाऊक आहे, घरी जा आणि दोघं एकदा मोकळेपणानं रडा. पण मी तानूबाईंना शब्द दिला होता. आता दत्तूलाही दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो ना? मला तेव्हा ते खरं वाटलं. एका घरातली दोन माणसं एकमेकांसमोर मूठ झाकून बसली की त्या घरात काय होतं, हे मला नंतर बघायला मिळालं.

सुनीताला मुलगी झाली. ठणठणीत. दिवाळीनंतर दत्तू बर्फी घेऊन आला, तेव्हा त्याचा चेहरा बघून मलाही बरं वाटलं. गिन्नीचं मी विचारलं नाही. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा सगळेच आले. दत्तू, तानूबाई, आणि काखेत काजळ-तिटीची गुटगुटीत पोर घेतलेली सुनीता. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बोलायला चुणचुणीत, दहावी शिकलेली. बाकीच्यांचा चहा होईपर्यंत ती पोरीला थोपटत होती. मग तिनं कप खाली ठेवला आणि सरळ मलाच विचारलं.

"मास्तर, तुमी गिन्नी बगितलीया. तिला काय झालंय का?"

मी म्हणालो, नाही, आता काही नाही. खरंच काही नव्हतं, मी स्वतः साफ केली होती.

"मग माज्या पोरीला का न्हाय चाटवली? पोराला दिली. पोरगीच्या वक्ताला सासूबाई म्हनत्यात सहाण फुटली, ह्ये म्हनत्यात डाक्टर नगं म्हनले. पोराच्या वक्ताला डाक्टर न्हवते का?"

तानूबाई जमिनीकडं बघत होत्या. दत्तू पाटीकडं. दोघांनीही एकेकदा माझ्याकडं बघितलं, चोरून, दुसऱ्याला दिसणार नाही असं. मी दोघांचाही कैदी. मी म्हणालो, बाळाला दुधाशिवाय काही न देणंच चांगलं, मावशींनी बरोबर केलं. सुनीता हसली. ते हसू मला अजून आठवतं.

"म्हंजी गिन्नीला काय झालं न्हाय. पोरगी हाय म्हनूनच."

तिनं सासूपुढं हात केला. तानूबाईंनी कनवटीची चिंधी सोडून गिन्नी दिली. सुनीतानं कडेवरून अंगठा फिरवला, सपाट जागेवर थांबवला. तिथं तिच्या मुलाचं शेवटचं काहीतरी होतं. मग गिन्नी परत दिली, मुलीला उचललं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. माझं एक वाक्य, तेही शंभर टक्के खरं, त्या बाईच्या काळजात सुरी होऊन बसलं. आणि तिला थांबवायला लागणारं दुसरं वाक्य मी दोन माणसांकडं गहाण टाकलं होतं.

संध्याकाळी मी शेठना म्हटलं, ही पाटी काढा. ते म्हणाले, का, काय चूक आहे तिच्यात? चूक काहीच नव्हती. पाटी अजून तिथंच आहे.

तानूबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं. मला कळलं ते दत्तू आला तेव्हा, दिवस-पाणी सगळं उरकल्यावर. मी तोवर काम सोडलं होतं, पण सवयीनं दुपारी पेढीवर जाऊन बसायचो. दत्तू म्हणाला, आईच्या पेटीत गिन्नी सापडली, चिंधीत, भंडाऱ्यात. ते हिरवं परत आलंय का बघा. शेवटी शेवटी आई फार बोलत नव्हती. गिन्नी मात्र रोज काढून बघायची आणि तो समोर आला की पदराखाली घ्यायची. सुनीता तिचं सगळं करायची, पण दोघींत बोलणं उरलं नव्हतं.

मी दिवा तिरका केला, भिंग लावलं. हिरवं नव्हतं. लाल ठिपके होते तसेच. मग कड फिरवली. राजाच्या कपाळासमोरची सपाट जागा जुनी, मऊ, मंद झालेली. आणि तिच्या बरोबर उलट बाजूला, राजाच्या मानेमागं, दाते झिजायला लागले होते. तीळभर जागा. पिवळीधमक, ताज्या बारीक रेघा सहाणेवर उमटतात तशा. ही खूण आधी नव्हती. हे नाणं मी इंच इंच बघितलेलं होतं.

तानूबाईंच्या हातची ती नव्हती. त्यांचा हात जागा चुकला नसता. ज्या बाईला कसं उगाळायचं हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, जिला ते विचारायचीही चोरी झाली होती, तिनं कधीतरी घरात कुणी नसताना सासूची पेटी उघडून आपल्या मुलीसाठी हे केलं होतं. मुलाच्या जागेला हात न लावता, त्याच्यासमोरची जागा धरून. मला भिंग खाली ठेवावं लागलं.

दत्तू विचारत होता, काय दिसतंय. मागं आईसाठी केली होती तशीच विनंती त्यानं आता सुनीतासाठी केली, त्या पाकिटाचं तिला कधी कळू नये. आणि मला एकदम सगळ्याचा उबग आला. त्या घरातल्या तीन माणसांचं गुपित माझ्याकडं, आणि त्यातली एक तर ते तसंच घेऊन वर निघून गेलेली. मी म्हणालो, दत्तू, इथं कडेला, राजाच्या मानेमागं, नवी खूण आहे. ती कशाची ते घरी जाऊन सुनीताला विचार. पण त्याआधी तिला पाकिटाचं सांग. आई का नको म्हणत होती, तू का नको म्हणत होतास, सगळं सांग. पोरगी म्हणून नव्हतं, एवढं तरी तिला कळू दे.

त्यानं गिन्नी फिरवून त्या खुणेवर बोट लावलं. मग त्याच्या लक्षात आलं.

"आई का नगं म्हनत हुती म्हंजी? आईला ठावं हुतं?"

मी मान हलवली. पहिल्याच दिवशी, म्हणालो. तुला गाडी सावलीला लावायला धाडलं तेव्हाच. तुझ्या कानावर घालू नका म्हणाली.

दत्तू खाली बसला. त्याची आई बसली होती तिथंच, भिंतीला पाठ लावून. गिन्नी मुठीत धरून तो लहान मुलासारखा रडला. शेठनी गल्ल्यावरून मान वर केली आणि परत खाली घातली. रडता रडताच त्यानं मला विचारलं, "मग ती येवढे दिवस माज्याम्होरं गप कशी ऱ्हायली, मास्तर?"

तू राहिलास तशीच, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी उठलो आणि त्याला पाणी दिलं.